टॉर्क बरोबर, तरी सांधा गळका का? समुद्रतळावरच्या तेलविहिरीत केसिंग-ट्यूबिंग जोडण्याची रीत

सांधा गळाला की पहिला प्रश्न हमखास हाच येतो: "टॉर्क किती दिला होता?" उत्तरही ठरलेलं असतं: "तक्त्यात होता तेवढाच." दोघंही खरं बोलत असतात आणि दोघांचंही लक्ष भलतीकडे असतं. टॉर्क म्हणजे पाइप फिरवायला लागलेला जोर. तो जोर सील बसवण्यात खर्ची पडला, आट्यांत राहिलेल्या वाळूत गेला, की आट्यांना जास्त लावलेलं डोप (वंगणाचं ग्रीस) दाबण्यात गेला, हे आकडा सांगत नाही.

विषय एवढाच: विहिरीचं वेलहेड (तोंडावरची जोडणी) समुद्रतळावर असताना केसिंग (विहिरीच्या भिंतीला आधार देणारे पाइप) आणि ट्यूबिंग (त्यांच्या आतली, तेल वर आणणारी नळी) यांचे आटेदार सांधे कसे जोडायचे आणि ते खरंच बंद बसलेत हे कसं ओळखायचं. तळावर अंथरलेल्या, वेल्डिंगने जोडलेल्या पाइपलाइनी इथे नाहीत. माझ्या मते सांध्याचं भवितव्य टाँग (पाइप फिरवणारं यंत्र) लागायच्या आधी, डेकवरच ठरलेलं असतं. म्हणून खाली तयारीलाच जास्त जागा दिली आहे.

## आधी हे पक्कं करा: सील नेमकं कोण करतं?

एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने प्रमाणित केलेल्या) गोल आट्यांच्या आणि बट्रेस (चौकटी आट्यांच्या) सांध्यांत आट्यांमध्ये बारीक मोकळी जागा राहते. ती स्क्रूसारखी वळत वळत आतून बाहेरपर्यंत जाणारी वाटच असते. ती वाट थ्रेड कंपाउंडमधले घन कण बुजवतात. रिगवर या कंपाउंडला सगळे डोप म्हणतात. म्हणजे इथे डोप सीलचं काम करतं.

प्रीमियम, म्हणजे कंपन्यांनी स्वतः विकसित केलेल्या, सांध्यात गणित वेगळं आहे. पिनच्या (बाहेरून आटे असलेल्या भागाच्या) टोकाजवळची गुळगुळीत पट्टी बॉक्समधल्या (आतून आटे असलेल्या भागातल्या) तशाच पट्टीवर घट्ट दाबून बसते आणि धातूवर धातू असं सील होतं. पुढे शोल्डर असतो, तो पिनला थांबवतो. आटे फक्त वजन पेलतात. इथे डोप वंगणाचं काम करतं, सीलचं नाही. "थोडं डोप जास्त लावू, म्हणजे गळणार नाही" हा विचार जुन्या सांध्यांवरून आलेला आहे आणि प्रीमियम सांध्यात तो उलटतो. कसा, ते टप्पा ३ मध्ये.

समुद्रतळावर एवढी काळजी कशासाठी? जमिनीवरच्या विहिरीत दोन केसिंगांमधल्या पोकळीत दाब चढला तर वेलहेडवरचा व्हॉल्व्ह उघडून तो सोडता येतो. समुद्रतळावरच्या वेलहेडवर साधारणपणे फक्त ट्यूबिंग आणि उत्पादन केसिंग यांमधल्या पोकळीपर्यंतच पोचता येतं. बाहेरच्या पोकळ्या कायमच्या बंद. उत्पादन सुरू झालं की गरम तेलाने तिथला अडकलेला द्रव तापतो, फुगतो आणि दाब चढतो. त्यात गळका सांधा आतून गॅस पुरवत असेल तर तो दाब सोडायला वाट नसते. दुरुस्ती म्हणजे रिग परत आणणं.

## टप्पा १: पाइप उतरण्याआधी कागद

सांधा बनवणाऱ्या कंपनीचं त्या सांध्याचं माहितीपत्रक हातात हवं. व्यास, दर फुटाचं वजन, पोलादाची ग्रेड आणि सांध्याचं पूर्ण नाव, या चारही गोष्टी पाइपवरच्या खुणांशी जुळायला हव्यात. तीन जुळल्या आणि चौथी "असेलच" म्हणून सोडली, की गडबड झालीच म्हणून समजा.

वजनाचंच घ्या. ९-५/८ इंची केसिंग ४७ पौंडी असलं तर आतला व्यास ८.६८१ इंच, ५३.५ पौंडी असलं तर ८.५३५ इंच. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. पण ४७ पौंडीचा एपीआय ड्रिफ्ट (पाइपमधून आरपार जायलाच हवा असा मापाचा दंडगोल) ८.५२५ इंचाचा आहे, त्यामुळे ८-१/२ इंची बिट (खोदणारं टोक) जाणार याची खात्री आहे. ५३.५ पौंडीचा ८.३७९ चा, म्हणजे त्याच बिटची खात्री नाही. तिथे ८.५०० इंचाचा खास ड्रिफ्ट आधीच मागवावा लागतो. टॉर्कही वेगळा.

कागदावर आणखी काय बघायचं:

- कमीत कमी, योग्य आणि जास्तीत जास्त टॉर्क, आणि ते कोणत्या डोपसाठी दिलेत.
- क्रॉसओव्हर (दोन वेगळे आटे जोडणारा तुकडा), पप जॉइंट (आखूड पाइप), हँगर (वेलहेडमध्ये पाइप टांगून धरणारा भाग), सेफ्टी व्हॉल्व्ह यांचे आटे. नावं जवळजवळ सारखी असलेले दोन सांधे एकमेकांत चार फेरे जातातही. तेवढ्यावर फसू नका.
- रिगच्या फ्लोअरवर ठेवायचा, हाताने बंद करायचा सेफ्टी व्हॉल्व्ह. विहीर उसळली तर तो खाली उतरवत असलेल्याच पाइपवर बसायला हवा. क्रॉसओव्हर त्याला आधीच जोडून ठेवा आणि किल्ली शेजारी. गोदामात पडलेला क्रॉसओव्हर त्या वेळी असून नसल्यासारखा.

## टप्पा २: डेकवर — उघडा, धुवा, बघा, ड्रिफ्ट करा, मोजा

क्रम याच ओळीत ठेवायचा.

उतरवताना. थ्रेड प्रोटेक्टर लावलेलेच हवेत. हुक पाइपच्या टोकांत घालून उचलायचं नाही, पट्टे वापरायचे. १३ टक्के क्रोमियमचं किंवा त्याहून भारी मिश्रधातूचं ट्यूबिंग असेल तर साखळी आणि तारेचा दोर त्याला लागताच कामा नये. हे धातू दिसायला मजबूत, पण पृष्ठभागाच्या बाबतीत फार नाजूक.

धुताना. प्रोटेक्टर दोन्ही टोकांचे काढा. कारखान्यातून आलेल्या आट्यांवर बहुतेक वेळा साठवणीचं कंपाउंड असतं. ते गंज रोखतं, पण सांधा जोडायला चालत नाही, दिसायला मात्र डोपसारखंच दिसतं. ते पूर्ण काढायचं. योग्य सॉल्व्हंट किंवा गरम पाण्याचा झोत, मग कोरडी हवा. डिझेलने धुऊ नका. डिझेल आट्यांवर पातळ थर सोडतं आणि नंतर लावलेलं डोप त्यावर नीट धरत नाही. साध्या पोलादावरही सीलच्या पट्टीवर तारेचा फिरता ब्रश चालवू नका. क्रोमियमच्या पाइपला फक्त नायलॉनचा ब्रश.

प्रोटेक्टर धुण्याचं कोणाच्या मनातच येत नाही. लखलखीत धुतलेल्या आट्यांवर वाळू भरलेला प्रोटेक्टर परत चढवला, की तासाभराची मेहनत पाण्यात.

बघताना. आटे स्वच्छ आणि कोरडे असताना, चांगल्या उजेडात, पाइप पूर्ण एक फेरा फिरवून बघायचं. खालचा भाग हमखास नजरेतून सुटतो. सीलची पट्टी आणि शोल्डर यांवर नखाला अडकेल असा ओरखडा, गंजाचा खड्डा किंवा ठोका दिसला तर तो पाइप बाजूला. आट्यावरचा बारीक उंचवटा कंपनीच्या नियमात बसत असेल तर हाताने घासता येतो. सीलवर हात चालवायचा नाही, एमरी पेपर तर नाहीच. डोळ्याला "आता छान दिसतंय" असं वाटलं तरी त्या पट्टीचं माप बिघडलेलं असतं.

ड्रिफ्ट. पूर्ण लांबीतून ड्रिफ्ट सरळ जायला हवा. ट्यूबिंगचा एपीआय ड्रिफ्ट ४२ इंच लांब असतो, ९-५/८ ते १३-३/८ इंची केसिंगचा १२ इंच. लांबी निम्मी असलेला घरगुती ड्रिफ्ट वाकलेल्या पाइपमधूनही खुशाल निघून जातो आणि आपली समजूत घालतो. क्रोमियमच्या पाइपला प्लास्टिकचा ड्रिफ्ट वापरा. काम संपल्यावर ड्रिफ्ट मोजून जागेवर ठेवा. पाइपमध्ये विसरलेला ड्रिफ्ट विहिरीत उतरवणारे लोक आहेत, आणि नंतर तो शोधायला किती दिवस गेले हे ते कोणाला सांगत नाहीत.

मोजताना. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि मग आकडे जुळवायचे. पाइपची लांबी म्हणजे विहिरीत मिळणारी लांबी नव्हे. पिन बॉक्समध्ये जेवढी शिरते तेवढी लांबी प्रत्येक सांध्यात वजा होते. ३०० पाइपांत दर पाइपमागे १ सेंटीमीटर चुकलं तरी शेवटी ३ मीटरचा फरक पडतो. हँगर वेलहेडमध्ये एका ठरलेल्या जागीच बसतो, त्याला ३ मीटर पोटात घालता येत नाहीत.

तपासा: बाद पाइपांवर ठळक रंगाची पट्टी आहे का? ते वेगळ्या रॅकवर आहेत का? टॅलीतून (पाइपांच्या नंबर-लांबीच्या यादीतून) त्यांचे नंबर काढलेत का? या तिन्हींची उत्तरं "हो" आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: डोप

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, कारण हे काम सगळ्यांत नव्या माणसाच्या हाती ब्रश देऊन उरकलं जातं.

डबा उघडल्यावर आधी तळापासून ढवळा. जड घन कण खाली बसलेले असतात. वरचं वरचं काढलं तर नुसतं ग्रीस मिळतं आणि तळाशी आलं की नुसते कण. डबा थंडीत दगडासारखा झाला असेल तर गरम जागेत ठेवा. डिझेल किंवा तेल ओतून पातळ करू नका. असं पातळ केलेलं डोप मी पाहिलंय. त्या दिवशी टॉर्कचे सगळे आकडे बरोबर आले आणि शोल्डर मात्र प्रत्येक सांध्यात वेगळ्याच जागी लागला. पाचव्या सांध्यानंतर कोणीतरी डब्यात डोकावलं.

प्रत्येक डोपचा घर्षणाचा गुणांक डब्यावर लिहिलेला असतो. एपीआयचं मूळ मॉडिफाइड डोप १.० धरतात. तक्त्यातला टॉर्क १.० साठी १२,००० फूट-पौंड असेल आणि तुमच्या डोपचा गुणांक ०.९ असेल, तर द्यायचा टॉर्क १०,८००. डोप निसरडं, म्हणून तेवढ्याच जोरात पिन जास्त पुढे जाते. हे न करता १२,००० दिले तर शोल्डर आणि पिनचं नाक गरजेपेक्षा जास्त दाबलं जातं. उलटी चूकही तितकीच होते: माहितीपत्रकातला टॉर्क आधीच त्याच डोपसाठी काढलेला असतो आणि हिशोबी माणूस त्याला पुन्हा गुणतो. म्हणून टप्पा १ मधली ती ओळ परत वाचा.

किती लावायचं? थर सगळीकडे सारखा, आणि त्याखालून आट्यांचा आकार स्पष्ट दिसायला हवा. आटे दिसेनासे झाले तर डोप जास्त, धातू चमकत असेल तर कमी. पिनवर, बॉक्सवर की दोन्हींवर, हे सांध्यागणिक बदलतं. माहितीपत्रक सांगेल तसं करा. सीलवर आणि शोल्डरवर पातळ थर पुरे.

जास्त डोपला निघायला वाट नसते. ते पिन आणि बॉक्स यांच्यामध्ये कोंडतं आणि पाइप फिरत असताना प्रचंड दाब निर्माण करतं. टॉर्क चढतो, यंत्राला वाटतं सांधा बसला, प्रत्यक्षात शोल्डर टेकलेलाच नसतो. कधी तो दाब पिनचं पातळ नाकही आत वाकवतो. उरलेलं डोप विहिरीत पडतं आणि खालच्या व्हॉल्व्हच्या बारीक भोकांत जाऊन बसतं. थोडक्यात, जास्त डोप तीन ठिकाणी मारतं.

सावधान: एका डोपच्या डब्यात दुसऱ्या डोपचा ब्रश घालू नका. डब्याचं झाकण काम चालू असतानाही बंदच ठेवा. फ्लोअरवरची वाळू आणि गंज झाकण उघडं मिळण्याचीच वाट बघत असतात.

## टप्पा ४: टाँग आणि लोड सेल

टाँगमधून मिळणारा टॉर्क थेट मोजला जात नाही. टाँगला बांधलेल्या स्नब लाइनचा ताण लोड सेल मोजतो, आणि यंत्र त्याला टाँगच्या भुजेने, म्हणजे पाइपच्या मध्यापासून लाइन बांधलेल्या जागेपर्यंतच्या अंतराने गुणतं. या गुणाकाराला एक अट आहे: लाइन टाँगशी बरोबर ९० अंशांत हवी, वरून पाहिलं तरी आणि बाजूने पाहिलं तरी.

अट मोडली तर किती फरक पडतो? भुजा १ मीटर, ताण १५ किलोन्यूटन. पडद्यावर दिसतात १५ किलोन्यूटन-मीटर. पण लाइन ७० अंशांत असेल तर पाइपला मिळालेला टॉर्क १५ गुणिले ०.९४, म्हणजे साधारण १४.१. सहा टक्के कमी, आणि पडदा मात्र निर्धास्त. ही चूक दिवसभर प्रत्येक सांध्यात सारखीच होते, त्यामुळे आलेख एकमेकांशी छान जुळतात आणि कोणाला संशय येत नाही.

टाँग समपातळीत टांगलेली हवी आणि तिची उंची अशी, की शेवटचा फेरा लागतानाही ती पाइपला वर किंवा खाली ओढणार नाही. कपलिंगवर (दोन पाइप जोडणाऱ्या आखूड नळीवर) जबडा लावू नका, पाइपवर लावा. नाहीतर कपलिंग चेपतं. क्रोमियमच्या पाइपला कमी खुणा करणारे डाय (जबड्यातले पकडीचे तुकडे).

तपासा: लोड सेलच्या तपासणीची तारीख, यंत्रात भरलेली भुजेची लांबी या टाँगची आहे की मागच्या कामातल्या टाँगची, ठरलेल्या टॉर्कला टाँग आपोआप सुटते का. यातली शेवटची तपासणी पहिला सांधा विहिरीवर लागण्याआधी एकदा करून बघा.

## टप्पा ५: सर्वांत खाली जाणारे सांधे

शू (केसिंगचं सर्वांत खालचं टोक) आणि फ्लोट कॉलर (त्याच्या वरचा, उलटा प्रवाह रोखणारा भाग) यांचे सांधे वेगळे हाताळतात. पुढचं ड्रिलिंग त्यांच्यातूनच होणार असतं आणि फिरत्या बिटमुळे ते उलटे सुटू शकतात. म्हणून इथे आटे जाम करणारं थ्रेड-लॉक वापरतात. ते पिनच्या आट्यांवरच लावतात, बॉक्समध्ये नाही. बॉक्समध्ये लावलं तर पिन ते आत ढकलत नेते. आटे तेलकट असतील तर ते धरत नाही, त्यामुळे पूर्ण कोरडे करा. दोन भाग मिसळल्यावर ते लवकर कडक होतं. आधी पाइप वर आणा, मग मिसळा.

हे सांधे चुकले तर सहज उघडता येत नाहीत. म्हणून थ्रेड-लॉक लावण्याआधी पिन आणि बॉक्स शेवटचं बघून घ्या.

## टप्पा ६: पिन बॉक्समध्ये उतरवणं

रिगवर याला स्टॅबिंग म्हणतात. पिनचा प्रोटेक्टर पाइप फ्लोअरवर उभा टांगला जाईपर्यंत काढायचा नाही. व्ही-डोअरवरून (फ्लोअरवर पाइप आत घेण्याच्या वाटेवरून) घासत येणाऱ्या पिनला त्या दोन मिनिटांतच सगळ्यात मोठे ठोके बसतात. खालच्या बॉक्सवर काम नसताना झाकण ठेवा. तो तोंड वर करून उभा असतो आणि वरून पडणारं सगळं झेलतो.

१२ मीटरचा ४७ पौंडी केसिंगचा पाइप साधारण ८५० किलोचा. हे सगळं वजन पहिल्या दोन आट्यांवर टाकून फिरवलं, तर आटे एकमेकांना ओरबाडतातच. धातू धातूला चिकटून ओरबाडला जाण्याला गॉलिंग म्हणतात आणि क्रोमियमच्या पाइपमध्ये ते फार पटकन होतं. म्हणून वजन पेलणारा कॉम्पेन्सेटर लावा आणि तो त्या पाइपच्या वजनाला जुळवून घ्या. जास्त ओढलं तरी बिघडतं. पाइप वर खेचला जात असेल तर आटे दुसऱ्या बाजूने घासतात.

स्टॅबिंग गाइड खालच्या बॉक्सवर बसवा. पिन सावकाश, उभी, बॉक्सच्या कडेला न आपटता उतरवा. तरंगत्या रिगवर लाटांचा हेलकावा शांत होण्याची वाट बघा. फ्लोअरवरच्या माणसाला वरच्या माणसाचं ऐकू येत नसेल, तर हाताच्या खुणा आधी ठरवा.

सावधान: पिन आणि बॉक्सच्या मधल्या फटीत बोट घालून "बसलंय का" बघायची सवय घातक आहे. उजेड कमी वाटत असेल तर टॉर्च आणा, बोट घालू नका.

## टप्पा ७: फिरवणं

पहिले फेरे हाताने, पट्ट्याच्या पान्याने. क्रोमियमच्या पाइपला तर हे टाळूच नका. पाइप सहज फिरत असेल तर आटे बरोबर मिळालेत. अडकला तर उलटा फिरवून वर घ्या, पुसा, बघा आणि पुन्हा उतरवा. टाँग लावून अडथळा "पार" करणं म्हणजे तिरक्या लागलेल्या आट्यांना तसंच पुढे ढकलणं.

मग टाँग, लो गिअरमध्ये. बहुतेक प्रीमियम सांध्यांना मिनिटाला १० ते १५ फेऱ्यांच्या पुढे जाऊ देत नाहीत, आणि शोल्डर जवळ आला की वेग आणखी कमी. सांधा थांबत थांबत बसवू नका. मध्येच थांबलं की पुन्हा सुरू करताना स्थिर घर्षण मोडायला जास्त जोर लागतो आणि आलेखात खोटं टोक येतं. असं झालं तर उलटा फिरवा आणि सुरुवातीपासून पूर्ण आलेख घ्या. याच कारणाने "टॉर्क थोडा कमी आलाय, परत टाँग लावून पाव फेरा दे" हा सल्ला ऐकायचा नाही.

एपीआयच्या सांध्यांना निकष वेगळा. गोल आट्यांना योग्य टॉर्कच्या ७५ ते १२५ टक्क्यांची मुभा असते, पण कपलिंगची कड शेवटच्या आट्याच्या खुणेपासून किती दूर थांबली हेही बघायचं. बट्रेसला तर पाइपवर ठोकलेल्या त्रिकोणाचा पायथा हाच मुख्य निकष. टॉर्क भरपूर आणि कपलिंग त्रिकोणाच्या अलीकडेच, असं दिसलं तर सांधा बसलेला नाही, कुठेतरी अडकलेला आहे.

## टप्पा ८: आलेख वाचणं

खालच्या अक्षावर फेरे, उभ्या अक्षावर टॉर्क. चांगल्या प्रीमियम सांध्याचा आलेख असा चालतो: सुरुवातीला जवळजवळ सपाट, मग आटे घट्ट होतात तशी हलकी चढण, सीलच्या पट्ट्या भिडल्या की चढ वाढतो, आणि शोल्डर टेकला की रेषा एकदम वळून जवळजवळ सरळ वर जाते. त्या वळणाला आम्ही गुडघा म्हणतो. गुडघ्यापाशी जो टॉर्क असतो तो शोल्डर टॉर्क. तो योग्य टॉर्कच्या किती टक्क्यांत हवा, हे माहितीपत्रक सांगतं. साधारणपणे खालची मर्यादा ५ टक्क्यांच्या आसपास आणि वरची ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास असते.

आता बिघाडांचे चेहरे.

गुडघाच नाही, रेषा तिरकी तिरकी चढत शेवटच्या टॉर्कला पोचली: शोल्डर टेकला नाही. टॉर्कचा आकडा शंभर टक्के बरोबर असेल, सांधा मात्र उघडा आहे. सुरुवातीला ज्या तक्रारीचा उल्लेख केला, तिची गोष्ट बहुतेक वेळा इथेच सापडते.

गुडघा आहे, पण फार उंचावर: टॉर्क आट्यांतच खर्च झाला. घाण, गॉलिंग, तिरका पाइप, चुकीचं डोप किंवा गुणांकाचा घोळ.

गुडघा फारच खाली: सील पुरेसं दाबलं गेलेलं नाही किंवा डोप फार निसरडं आहे. लोक याला "छान, अलगद बसला" म्हणतात.

गुडघ्याच्या आधी एक गोलसर उंचवटा, मग रेषा परत खाली: कोंडलेलं डोप निघून गेलं. लहान असेल आणि पुढचा भाग स्वच्छ असेल तर नियमात बसू शकतो. पण सलग तीन सांध्यांत आला तर ब्रश दुसऱ्याच्या हाती द्या.

करवतीसारखे दाते: डाय घसरताहेत, पाइप डुलतोय किंवा गॉलिंग सुरू झालंय. पाइपवर डायच्या खुणा बघा. त्या ओरखडल्यासारख्या लांब असतील तर डाय दोषी. स्वच्छ असतील तर सांधा उघडून बघावाच लागेल.

गुडघ्यानंतर सरळ चढणारी रेषा वर जाऊन आडवी वळली: हा सगळ्यांत वाईट चेहरा. एक तर बॅकअप टाँग (खालचा पाइप धरून ठेवणारी) घसरली, नाहीतर धातू कायमचा दबला. शोल्डर टेकल्यानंतरचे फेरे जास्त भरले तर दुसरीच शक्यता मोठी.

टाँग सुटल्यानंतरही टॉर्क मर्यादेच्या वर गेला: वेग जास्त होता, फिरत्या वस्तुमानाने धक्का दिला. वेग कमी करा. मर्यादा ओलांडलेला सांधा मात्र बाद करायचाच.

पडद्यावरची हिरवी खूण हा फक्त यंत्राचा अभिप्राय असतो. आलेखाच्या प्रमाणपट्ट्या ताणलेल्या असतील तर गुडघाही सपाट दिसतो. प्रत्येक आलेख माणसाने बघायचा, आणि तो माणूस घड्याळाकडे बघणारा नको.

तपासा: कपलिंगच्या कारखान्यात बसवलेल्या बाजूवर, कपलिंग आणि पाइप दोन्हींवरून जाणारी रंगाची रेघ आधीच मारून ठेवा. सांधा जोडल्यावर ती रेघ तुटली असेल तर वरची नव्हे, खालची बाजू फिरली. आलेख कितीही देखणा असला तरी तो मग दुसऱ्याच सांध्याचा आहे.

## टप्पा ९: शंका आली, उघडायचं

लो गिअर, कमी वेग, वजन पेललेलं, पाइप उभा. उघडताना किती फेरे लागले ते मोजा. आटे सुटले की पाइप झटक्यात वर खेचू नका. शेवटचा आटा अडकून उपटला जातो.

मग दोन्ही टोकं पूर्ण पुसा आणि टप्पा २ सारखं बघा. काहीच बिघडलेलं नसेल आणि कंपनी परवानगी देत असेल तर नवं डोप लावून एकदा पुन्हा जोडा. दुसऱ्यांदाही आलेख बिघडला तर पाइप बदला. फक्त पिन खराब असेल तर वरचा पाइप जातो. बॉक्स खराब असेल तर स्लिपमध्ये (पाइप फ्लोअरवर धरून ठेवणाऱ्या पाचरींमध्ये) धरलेला खालचा पाइपही वर काढावा लागतो, आणि नेमकं इथेच "चालेल की" हा शब्द ऐकू येतो. नक्की कोणतं टोक बिघडलं ते कळत नसेल तर दोन्ही पाइप बाजूला ठेवा.

टॅली लगेच दुरुस्त करा. रात्री बदललेला पाइप सकाळी कागदावर जुन्याच लांबीने उभा असतो.

## टप्पा १०: ट्यूबिंग, हँगर आणि दाबाची परीक्षा

ट्यूबिंगबरोबर विहिरीतल्या सेफ्टी व्हॉल्व्हची कंट्रोल लाइन (तो दाबाने चालवणारी बारीक नळी) जात असेल तर प्रत्येक कपलिंगवर क्लॅम्प बसवा आणि लाइनमध्ये दाब धरून ठेवूनच पाइप उतरवा. लाइन चेपली किंवा फुटली तर गेजवर तेव्हाच कळतं. दाब न ठेवता उतरवलं तर ते कळतं सगळं खाली पोचल्यावर. क्लॅम्प मोजून द्या आणि उरलेले परत मोजा.

केसिंग हँगर वेलहेडमध्ये टेकवण्याआधी ती बैठक धुतलेली हवी. समुद्रतळावरचं वेलहेड बहुतेक वेळा १८-३/४ इंची असतं. त्याच्या आतल्या खांद्यावर सिमेंटचा एक तुकडा राहिला तरी हँगर तिरका बसतो आणि वरचं सील कधीच नीट फुगत नाही. हँगर टेकला तेव्हा पाइपची खोली टॅलीशी जुळते का ते बघा. जुळत नसेल तर सील बसवण्याची घाई करू नका. आधी फरक कुठून आला ते शोधा, कारण सील बसल्यावर उलट फिरणं महागात पडतं.

दाबाच्या परीक्षेत सुरुवातीला दाब थोडा उतरतो. द्रवाचं तापमान बदलतं, अडकलेली हवा दबते. म्हणून रेषा स्थिर व्हायला वेळ द्या आणि वेळ स्थिर झाल्यापासून मोजा. मात्र "अजून स्थिर होतोय" म्हणत तासभर पंप मारत राहणं म्हणजे गळतीला पाणी पाजणं. दर मिनिटाचं उतरणं लिहून ठेवा: तापमानाचा परिणाम हळूहळू कमी होत जातो, गळतीचा तसा होत नाही. शेवटी दाब सोडताना परत आलेला द्रव मोजा आणि आत दिलेल्या द्रवाशी ताडून बघा. कमी परत आला तर तो कोणत्या पोकळीत गेला असेल हे ठरवण्यासाठी टप्पा ८ चे आलेख पुन्हा काढा. त्यात ज्या सांध्यांवर कोणी "चालेल" लिहिलं होतं, तिथून सुरुवात करा.